चाळीस जोर, पंधरा दम

ब्राकेल, ९ नोव्हेंबर

वानेस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडताच शेगडीत टाकू नकोस. पहिलं पान वाच, मग खुशाल टाक.

तुझा पत्ता आईच्या पाककृतींच्या वहीत मिळाला. एका पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला, आयर्लंडमधल्या कुठल्याशा बंदराचा. म्हणजे तू कुठे आहेस हे तिला ठाऊक होतं, आणि जाईपर्यंत तिने आम्हा कुणाला सांगितलं नाही. तिचंही बरोबरच असेल.

एकवीस वर्षांनी बहिणीने भावाला लिहायचं तर आधी खुशाली विचारावी. ती पुढच्या वेळी विचारीन. आज एकच विचारायचंय. आपला धाकटा योरन पडला, त्याच्या आधीच्या मिनिटात तो कसा दिसत होता?

तू शेडमध्ये त्याच्या शेजारच्याच रोलरवर, जागच्या जागी सायकल मारत होतास. बाबा समोर स्टॉपवॉच घेऊन उभे होते, पण त्यांची नजर घड्याळावर. मी घरात होते. बघणारा तू एकटा. चेहरा पांढरा पडला होता का? ओठ? आदल्या दिवसांत तो तुला कधी काही बोलला होता का? मला तर काही बोलला नव्हता.

विचारण्याचं कारण, माझी मुलगी. फेन. सतरा वर्षांची आहे, ज्युनियर मुलींमध्ये शर्यती करते, चांगली करते. तिचा बाप अँटवर्पला निघून गेल्यावर मी तिला घेऊन इकडे, बाबांच्या घरी राहायला आले. हो, त्याच घरी. आणि तिला शिकवतात बाबाच. हो, त्याच शेडमध्ये. तू आता काय म्हणशील ते मला ऐकू येतंय.

आता तीन नळ्यांचे ते जुने रोलर नाहीत. मागचं चाक काढून सायकल एका यंत्रावर चढवतात, यंत्र आपोआप जड होतं, हलकं होतं, समोरच्या पडद्यावर आकडे पळतात. व्यायाम मात्र तोच. चाळीस सेकंद जीव काढायचा, पंधरा सेकंद पाय सैल सोडायचे, असं दहा वेळा. मग चार मिनिटं विश्रांती, की परत पहिल्यापासून. बाबा अठ्ठ्याहत्तरचे झाले तरी आवाज तोच: "चाळीस जोर! पंधरा दम!"

मी स्वयंपाकघरात असते. यंत्राची घरघर अंगणातून ऐकू येते. ती थांबली की मी मोजायला लागते. पंधराला ती पुन्हा सुरू व्हायला हवी. कधी सोळा होतात, कधी सतरा. त्या दोन सेकंदांत माझ्या हातातली सुरी जिथल्या तिथे राहते.

गेल्या मंगळवारी मी तिच्या मोबाइलमधला आलेख चोरून बघितला. छातीला पट्टा बांधतात, तो ठोके मोजतो. एकशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत रेघ चढावासारखी चढत गेलीय. आठव्या फेरीत ती एकदम दोनशे एक्केचाळीसवर उडालीय. बावीस सेकंद तिथेच. मग खाली.

बाबा म्हणतात पट्टा सुकला असेल. असं होतं म्हणे. खरंच होतं का रे?

लीव्ह


ब्राकेल, २७ नोव्हेंबर

वानेस,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालंय असं धरून चालते.

परवा ती यंत्रावरून कलंडली. पडली नाही, बाबांनी दंडाला धरलं. मी धावत गेले तर दोघं हसत होते. पंखा भणभणत होता, खाली घामाचं थारोळं, आणि फेन हँडलवर डोकं टेकून.

"काय झालं?"

"काही नाही गं. दुपारी खाल्लं नव्हतं."

"डोळ्यांपुढे अंधार आला होता?"

"आई, तू ना, नुसती टपून बसलेली असतेस. जरा खोकले की चालली शवपेटीचं माप घ्यायला!"

"फेन!"

बाबा म्हणाले, "लीव्ह, पोरीला घाबरवू नकोस. भीती लागट असते. एकदा चिकटली की पायात उतरते."

"आकडा किती होता बाबा? पडद्यावर किती होता?"

"पट्ट्याला थोडी थुंकी लावली की येईल ताळ्यावर."

मी तिला आपल्या गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. आडवं झोपवून काढलेला ईसीजीचा कागद स्वच्छ आला. त्यांनी विचारलं त्या सगळ्याची मी उत्तरं दिली. परतताना तिला बटाट्याचे फ्राइज घेऊन दिले, आणि एक पूर्ण दिवस मी माणसासारखी जगले.

आज परत चाळीस-पंधरा. मी ओट्याशी उभी राहून मोजतेय.

काहीतरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

लीव्ह


ब्राकेल, ९ डिसेंबर

वानेस,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते आधी निस्तरते.

डॉक्टरांच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं आहे का? मी "नाही" लिहिलं. फेनच्या शर्यतीच्या परवान्याचा फॉर्म दर वर्षी बाबा भरतात, तेही "नाही" लिहितात, आणि खाली पालक म्हणून सही माझी असते. तीन वर्षं. आपल्या घरात तो प्रश्न आला की हात आपोआप "नाही" लिहितो. कारण "हो" लिहिलं की पुढची ओळ असते: कशामुळे? आणि ते आपल्याला माहीतच नाही. योरनला चिरू देणार नाही म्हणून बाबा दवाखान्याच्या दारात आडवे उभे राहिले होते, आठवतंय ना तुला? आईने त्यांचा हात धरून मान हलवली. त्याला तसाच पुरला आपण, का गेला ते न विचारता.

शुक्रवारी सेंट निकोलासचा दिवस होता. फेन एवढी घोडी झाली तरी तिच्या बुटात मी चॉकलेट आणि संत्री ठेवते. तिने संत्रं सोललं आणि सहज म्हणाली, "छातीत कधीकधी मासा उलटतो, तसं होतं. सगळ्यांनाच होतं ना?"

मी अंगात कोट चढवला.

त्याच सकाळी मी एकटी डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं, मला भाऊ होता. योरन. वीस वर्षांचा. सायकल चालवता चालवता गेला. डॉक्टरांनी फॉर्म काढून माझं "नाही" खोडलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लगेच गेंटच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. चौदा जानेवारीची वेळ मिळाली. तोवर सायकल बंद म्हणजे बंद.

घरी येऊन हे सांगितलं आणि रणकंदन झालं. अकरा जानेवारीला संघाची निवड चाचणी आहे. वीस मिनिटं, यंत्रावर, सगळ्या मुली एका रांगेत.

"तीन दिवस! आई, तीन दिवसांसाठी तू माझं आयुष्य घालवतेस!"

"आयुष्य घालवायचं नाही म्हणूनच."

"आजोबा, तुम्ही तरी बोला ना!"

बाबा खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. मग मला म्हणाले, "तू त्याचं नाव बाहेरच्या माणसासमोर घेतलंस."

बास. एवढंच. एकवीस वर्षांत "योरन" हे नाव मी पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही डॉक्टरांच्या खोलीत.

लीव्ह


गेंट, ६ जानेवारी

वानेस,

हे हॉस्पिटलच्या उपाहारगृहात बसून लिहितेय. फेन जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुला वाचवेल.

शुक्रवारची गोष्ट. मी चष्म्याच्या दुकानात कामाला असते, हे तुला सांगितलं नव्हतं बहुतेक. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मालकिणीने मला लवकर सोडलं. चार वाजले असतील. फाटकाशी सायकल लावली आणि ऐकलं. शेडमधून घरघर.

मला वाटलं, भास. इतके आठवडे ऐकून कानात बसलाय तो आवाज. पण ती चढली, थांबली, परत चढली. मी अंगणातून पळत सुटले आणि ती मध्येच थांबली. मी पळता पळता मोजत होते, वानेस. हसू नकोस. अकरा, बारा, तेरा. पंधरा झाले. सोळा. वीस. आणि बाबांची हाक आली. माझ्या नावाची नव्हे. ते ओरडत होते, "योरन! योरन!"

ती खाली पडलेली होती. बूट अजून पॅडलात अडकलेला, पाय वर. बाबा गुडघ्यांवर बसून तिची छाती दाबत होते. ओठ निळे, चेहरा राखेसारखा. मी नोव्हेंबरमध्ये तुला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मला मिळालं. आता लिहायची गरज नाही.

"पेटी!" बाबा म्हणाले. "हॉलच्या भिंतीवरची पेटी आण! पळ!"

चर्चच्या हॉलच्या भिंतीवर शॉक देणारी पेटी असते. महिनाभर मी जाता-येता तिच्याकडे बघत होते, झाकण कुठल्या बाजूने उघडतं तेसुद्धा बघून ठेवलं होतं. तीनशे पावलं जायला, तीनशे यायला. पळतानाच फोनवर रुग्णवाहिका बोलावली. परत आले तेव्हा बाबा तसेच दाबत होते, मोठ्याने मोजत, डोळ्यांतून पाणी गळत. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. तिच्या दोन बरगड्या मोडल्या त्यांनी. पेटी स्वतःच बोलते, हे करा, ते करा, दूर व्हा. आम्ही दूर झालो. फेनचं अंग उडालं.

दुसऱ्या शॉकनंतर ती खोकली.

नंतर कळलं ते असं. फेनने बाबांना सांगितलं होतं, गेंटहून फोन आला, कागद बघून म्हणाले पट्ट्याचाच दोष. बाबांनी विश्वास ठेवला. ठेवायचाच होता त्यांना. चौथ्या फेरीत तिचा चेहरा बदलला तेव्हा त्यांची नजर घड्याळावर नव्हती. ते म्हणाले, "थांब." ती थांबेना. हँडल धरून त्यांनी तिला अडवलं, तशी ती त्यांच्या अंगावर कोसळली.

मला माझी मुलगी त्यांच्याकडून हिसकावून न्यावी असं वाटतं, आणि त्यांचे हात हातात घेऊन बसावं असंही वाटतं. दोन्हीपैकी काहीच केलेलं नाही.

लीव्ह


ब्राकेल, २१ जानेवारी

वानेस,

हे पत्र नीट वाच. हे तुझ्याबद्दल आहे.

फेनच्या हृदयाच्या स्नायूत जागोजागी चरबी आणि वण भरलेत. आजार जन्मतःच रक्तात असतो, जोराच्या व्यायामाने तो धावत सुटतो. आम्ही तिला बळ चढावं म्हणून जे करत होतो, त्यानेच तो वाढत होता. काल तिच्या छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं. पुन्हा तसं झालं तर ते आतूनच शॉक देईल. शर्यती संपल्या. ती भिंतीकडे तोंड करून पडून असते. माझ्याशी बोलत नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कुणाकडून आलं? मी म्हणाले, माहीत नाही. बाबा कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसले होते. बाहेर आलो, यंत्रातली कॉफी घेतली, आणि ते म्हणाले, "लीव्ह, माझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं."

तुला माहीत आहे, आपण सगळे त्या गुडघ्यावर वाढलो. गुडघा गेला नसता तर बाबा शर्यतींत कुठल्या कुठे गेले असते, हे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

"मग काय झालं होतं?"

"सव्वीस वर्षांचा होतो. चढावर छातीत काहीतरी सुटलं. शुद्धीवर आलो तेव्हा खड्ड्यात होतो. परत दोनदा झालं. मग मी सायकल ठेवून दिली."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"काय बोलणार? छातीत धडधडतं म्हणून? भित्रा म्हणाले असते." मग कॉफीच्या कपात बघत म्हणाले, "मलाही तेच वाटलं गं. वाटलं, ती भीतीच होती. माझ्या पोरांनी तिच्यापुढे हार मानू नये, एवढंच मला हवं होतं."

त्या माणसाने आजाराला भित्रेपणा समजून आयुष्य काढलं, आणि तो आपल्यातून घालवायला आपल्याला त्या रोलरवर चढवलं.

आता ऐक. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की रक्ताच्या प्रत्येकाची तपासणी हवी. फेनपर्यंत आलंय म्हणजे ते माझ्यातून गेलंय, हे उघड आहे. तुझ्यात असण्याची शक्यता निम्मी. तू बोटी दुरुस्त करतोस असं आईच्या वहीत होतं. जड ओढतोस, उचलतोस? थंड समुद्रात पोहतोस? छातीत कधी काही उलटल्यासारखं होतं? डॉक्टरांचं पत्र सोबत पाठवतेय, इंग्रजीत आहे. तिथल्या डॉक्टरांना दाखव. माझ्यावरचा राग दहा वर्षं पुढे ढकल, पण दाखव.

लीव्ह


ब्राकेल, ९ मार्च

वानेस,

सहा आठवडे झाले. रोज टपालवाल्याची गाडी वळणावर दिसली की मी दारात. तू गप्प आहेस की तुला काही झालंय, हे मला कोण सांगणार? आयर्लंडहून मला कळवेल असं कुणी आहे का तुझं?

माझा निकाल आला. आहे. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका ओळखीच्या बाईकडे गोड मॅटनटार्ट भाजून घेऊन गेले होते, जिने चढताना रेलिंग धरून थांबले. काही होत नव्हतं. नुसती भीती. आता असंच चालायचं.

एक गोष्ट उरलीय. पहिल्याच पत्रात लिहायला हवी होती.

मी तुला लिहिलं होतं, योरन मला काही बोलला नव्हता. बोलला होता. गुरुवारी. मी इस्त्री करत होते. त्याने माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाला, "बघ ना, आत मासा उलटल्यासारखं होतं. बाबांना सांगू का?" मला त्या संध्याकाळी नाचायला जायचं होतं. मी म्हणाले, "रविवारी शर्यत आहे, आता काही काढू नकोस. खाऊन झोप." शुक्रवारी तो शेडमध्ये गेला.

अंत्यविधीनंतर हॉलमध्ये सगळे कॉफी पीत बसले होते, तेव्हा तू उठून बाबांना म्हणालास, "तुम्ही मारलंत त्याला." मी तुझ्या थोबाडीत मारली. "चालता हो, परत तोंड दाखवू नकोस," म्हणाले. लोकांना वाटलं, मी बापाची बाजू घेतली. मी बाजू कुणाचीच घेत नव्हते. तू आणखी एक वाक्य बोलला असतास, तर मला खरं बोलावं लागलं असतं. म्हणून तुला घालवलं.

फेनच्या तोंडून "मासा" ऐकला तेव्हा मला कळलं, मला परत विचारलं जातंय.

काल हे सगळं मी फेनला सांगितलं. आधी तिला, मग तुला. ती आठ आठवड्यांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, "मामाला लिहिलंस का?" मी म्हणाले, लिहिते.

माफी मागत नाहीये. तू तपासणी कर.

लीव्ह


किलीबेग्ज, २२ एप्रिल

फेन,

तू मला ओळखत नाहीस. मी तुझा मामा, वानेस. तुझ्या आईला लिहायला बसलो की हात चालत नाही. सहा कागद फाडले, शेवटी म्हटलं तुलाच लिहावं.

तिची सगळी पत्रं मिळाली. शेवटचं वाचून दोन दिवस कामावर गेलो नाही. तिला सांग, योरन मलाही बोलला असता तर मीही तेच म्हणालो असतो. वीस-बावीसचे होतो आम्ही. तिला यातलं जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं सांग.

तपासणी केली. माझ्यात आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचं चित्र बघत विचारलं, व्यायाम काय करता? म्हटलं, बाविसाव्या वर्षापासून सायकलला हात लावलेला नाही. त्या म्हणाल्या, त्यामुळेच वाचलात बहुधा. पण मलाही ते यंत्र बसवायचंय.

इथे मी कुणाला सांगितलेलं नाही. गोदीत सांगितलंय की दाताचं काम आहे.

मला काही विचारायचंय. खरं लिही, आईला विचारून नको. बसवल्यावर डाव्या कुशीवर झोपता येतं का? शॉक बसणार असेल तर आधी कळतं का? तुला बसला का परत? रात्रंदिवस वाट बघत राहतो का माणूस, की काही दिवसांनी विसरतो? मी त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि सतरा वर्षांच्या मुलीला हे विचारतोय. काय करू? हे सगळं सोसलेलं माझ्या ओळखीचं दुसरं कुणी नाही. मला फार भीती वाटतेय, फेन. हे मी मोठ्याने कुणाला म्हटलेलं नाही.

इथे बसवायचं की तिकडे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गेंटला.

पाच मे, सोमवारी, दुपारच्या गाडीने गेंटला पोचतो. स्टेशनवर तू ये. हिरवं जॅकेट असेल, केस पिकलेत. आईला आण. बाबांना पहिल्या दिवशी नको. दुसऱ्या दिवसाचं दुसऱ्या दिवशी बघू.

वानेसमामा